एका वाटीतल्या गोळ्या

"पेंटर, ही रेघ सरळ आहे का?" दुकानाच्या मालकाने विचारले.

पेंटर शिडीवरून उतरून पाटीकडे बघत राहिला. डाव्या डोळ्यापुढे नुसता धूर, उजवाही लालभडक. पण चूक कबूल करणे त्याच्या जिवावर येई. "रेघ सरळच आहे मालक, पाटीच वाकडी लागलीय."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मालक हसला. पेंटर हसला नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्याने थेंब घेतले होते, पण आपल्याला एचआयव्ही असल्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध? शेवटी बायकोनेच त्याला ओढत जुन्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. दोघांच्या एचआयव्हीच्या गोळ्या तिथूनच मिळत.

बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. "मध्यंतरी तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठलं होतं का?"

"हो, टर्पेंटाइननं. आमच्या धंद्यात व्हायचंच."

"आणि पायांवर? पायानं रंगवता?"

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर बाईंनी त्याला एकट्याला आत घेतले. "सिफिलिस आहे, शरीरसंबंधातून लागणारा. डोळ्यात उतरलाय. आजच भरती व्हा, शिरेतून पेनिसिलिन देऊ. पण हे दुखणं नवं आहे. बाहेर बसलेल्या ताईंनाही तपासावं लागेल."

"माझा डोळा गेला तरी चालेल, बाई. तिला नका सांगू."

"प्रश्न तिच्याही डोळ्यांचा आहे."

बायको बाहेर बाकावर बसली होती. पहिला आजार त्याने घरी आणला तेव्हा तिने तो अपराध पोटात घातला होता. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर ती दोघांच्या गोळ्या एकाच वाटीत काढी आणि म्हणे, "घ्या, आपलं गोडधोड." त्या एका वाटीवर त्याचा संसार उभा होता. हे त्याला माहीत होते, तरी तो घसरला होता.

त्याने बाहेर येऊन, खाली बघत तिला सगळे सांगितले. ती बाकावरून उठली.

"रक्त कुठे द्यायचं?" तिने विचारले.

तिलाही इंजेक्शन घ्यावे लागले. तो भरती होता तोवर डबा रोज वेळेवर आला. हळूहळू डोळ्यांपुढचा धूर विरत गेला.

घरी आल्यावर पहिल्या रात्री जेवण झाले. तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली. आत एकच गोळी होती. आपली गोळी ती ओट्याशी उभी राहून, पाठमोरी घेत होती. त्याला आता सगळे स्वच्छ दिसत होते.