चार बोटं उठलेला पडदा

नाट्यमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आत शिरलेल्यांपैकी निम्मे लोक पालथे पडले होते. रंगमंचाचा पडदा चार बोटं वर उठला होता आणि त्या फटीतून देवाचे चरण दिसतात, अशी बातमी आसपासच्या गावांत, लिंबागणेशपासून पालीपर्यंत, पोचली होती. कुणाला सोन्याचे तोडे दिसले, कुणाला कमळ. पलीकडे खरं तर बद्रीनाथ सरांचे रंगाचे डबे होते, पण श्रद्धेने पालथ्या पडलेल्या माणसाला डबा कसा दिसणार?

"पाहा!" सिंहासनावरून चंद्रानंद महाराज गरजले. "कोणाचा हात नाही, विजेचं बटन नाही! आमच्या देहातून ऊर्ध्वगामी लहरी निघतात आणि वस्त्राला उचलतात. आम्ही गेलो की तेच वस्त्र विरहाने खाली बसतं!"

विंगेत कडूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचं डोकं तापलं होतं, कारण पडदा ज्या अंबाडीच्या दोरावर लटकत होता तो तिने स्वतःच्या हाताने वळला होता. दहा वर्षं बंद पडलेलं हे नाट्यमंदिर निवृत्त चित्रकला शिक्षक बद्रीनाथ सर आणि त्यांचं हौशी मंडळ दोन वर्षं फुकट राबून दुरुस्त करत होतं. जुन्या लाकडी कप्प्यांवरून नायलॉनची दोरी घसरायची, तेव्हा सरांनी कडूबाईला गाठलं. उसाच्या गाड्या आवळण्यात तिची हयात गेली होती.

दोराच्या बदल्यात तिने एकच मागणं मागितलं होतं. "मला नाटक दावा." गावात नाटकं व्हायची ती दिवाळीनंतर, आणि तेव्हा ती साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर. वयाची साठ वर्षं झाली, एक नाटक पाहिलेलं नव्हतं. म्हणून सरांनी पहिला प्रयोग मुद्दाम मे महिन्यात लावला, ऊसतोडीला गेलेली माणसं परतल्यावर. पडदा ओढायचा मानही तिलाच दिला.

आणि आता गावचे पुढारी अमरसिंह दादा म्हणत होते, नाटक रद्द.

"सर, जिथं देव पडदा उचलतो तिथं तोंडाला रंग फासून नाचायचं का? शुक्रवारी ही जागा महाराजांच्या मठाला देऊन टाकू."

सर मटकन पायरीवर बसले. "कडूबाई, दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली."

"रडू नगा, सर. दोर माझा हाय. त्यो कुनाचं ऐकतोय ते मला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी टेकायला गेली तर बाज झोळीसारखी लोंबत होती. तिने सवयीने तांब्याभर पाणी बाजेच्या दोरीवर शिंपडलं आणि भाकरी थापायला बसली. तासाभराने पाहते तर बाज ताठ. तिला त्या खटारा कूलरची आठवण झाली. महाराज पहिल्यांदा इथे प्रवचनाला आले तेव्हा उकाड्याने कासावीस झाले होते, म्हणून चेल्याने कूलर आणून विंगेत लावला. तो वारा कमी आणि पाणी जास्त फेकायचा, आणि फेकायचा ते थेट दोरावर! पडदा उठला तेव्हा सगळ्यांत आधी महाराजच दचकले होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र चेला कूलरला कुणाला हात लावू देईना.

शुक्रवारी ती शेळी घेऊनच आली.

"ही कावून आणली, मावशे?" दारातल्या पोरांनी विचारलं.

"तिलाबी दर्शन घ्यायचंय."

महाराज स्थानापन्न झाले, आणि कडूबाईने सगळ्यांदेखत कूलरचं बटन बंद केलं. "म्हाराज, लहरी तुमच्या अंगातनं निघत्यात न्हवं? मंग कूलर कशापायी?"

"खरं हाय की!" गर्दीतून आवाज आला. आता नाही कसं म्हणणार? महाराजांनी डोळे मिटले. मंत्र झाले, हुंकार झाले, पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या. अर्धा तास झाला तरी पडदा ढिम्म.

"सभेत कोणीतरी नास्तिक आहे!"

"मी कालबी हितंच हुते, म्हाराज. तवा कसा उठला?"

लोक खो खो हसले. महाराज घाम पुसत वाऱ्याला दाराशी गेले. तेवढ्यात कडूबाईने शेळी सिंहासनावर उभी केली आणि कूलर सुरू केला.

"ए बाई, चेष्टा लावली का?" अमरसिंह कडाडले.

"ऱ्हाऊ द्या, दादा! बघू तर!" आख्खी सभा ओरडली.

शेळीने आधी महाराजांचा हार खाल्ला, मग गादीतला कापूस चाखला. वीस मिनिटं गेली. आणि पडदा हळूहळू, अगदी रोजच्यासारखा, चार बोटं वर उठला. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने सवयीने हात जोडले, समोर शेळी पाहून तेच हात पदराआड नेले.

"बायांनो," कडूबाई म्हणाली, "बाज सैल पडली की पाणी मारता का न्हाई? मंग ह्या दोरानं काय येगळं केलं? घरोघर नायलॉनच्या बाजा आल्या आन् इसरलात सगळ्या."

सरांनी ओला दोर हातात घेतला. "अंबाडीचा धागा पाणी पिऊन फुगतो. जाडीला फुगला की पिळलेला दोर लांबीला आखडतो आणि पडद्याला वर ओढतो. कूलर बंद झाला, दोर वाळला, की पडदा खाली. बाकी काही नाही."

"मला पहिल्यापासूनच शंका होती," अमरसिंह दादा म्हणाले. महाराजांची जीप तोवर मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागली होती.

रविवारी प्रयोग झाला. सरांनी कडूबाईला आधी पडद्यापुढे आणलं. समोर सगळी ऊसतोडीवरून परतलेली माणसं बसलेली. ती पदर सावरत म्हणाली, "पडदा कुनीतरी वडल्याबिगर उठत न्हाई. कोण वडतंय ते आदी बघत जा, मंग हात जोडा. एवढंच."

आणि विंगेत जाऊन तिने दोर ओढला.

पहिला अंक संपला. नट जागच्या जागी थिजून उभे राहिले, टाळ्या वाजून थांबल्या, तरी पडदा पडेना. सर धावत विंगेत आले. "कडूबाई, पडदा!"

दोर तिच्या हातात होता आणि डोळे गळत होते.

"थांबा की, सर," ती रंगमंचावरची नजर न हलवता म्हणाली. "मला अजून बघू द्या."