चांदणी तिसऱ्या वळणावर थांबली

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या अडगळीत तुटक्या स्टुलाखाली पडलेला मी एक जुना लाकडी भूलभुलैया. माझ्यात अरुंद बोळ आहेत, सात वळणं आहेत आणि शेवटी दाण्यांची वाटी. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. उंदरांच्या पायांत कुसळ जाऊ नये म्हणून त्याने माझी एकेक भिंत पॉलिश पेपरने घासली होती.

कितीतरी इवली पावलं माझ्यातून धावली. झोपेत ती मला अजून ऐकू येतात, दूरच्या कुजबुजीसारखी. सगळ्यांत लाडकी चांदणी, एक कान कातरलेली पांढरी उंदरीण. पिंजऱ्यांची देखभाल करणारे मामा तिला ओंजळीतून माझ्यात सोडत. बारा दिवसांत ती वाट शिकली. आता ती डोळे मिटूनही धावेल, असं मामा कौतुकाने सांगत.

तेराव्या दिवशी संशोधक बाईंनी तिला मोजून दारू दिली. शिकलेलं किती टिकतं, हे त्यांना पाहायचं होतं. चांदणी तिसऱ्या वळणावर थांबली. भिंत हुंगली, मागे फिरली, पुन्हा तिथेच आली. शेवटी कोपऱ्यात अंग टाकून बसली. मला तोंड असतं तर मी तिला वाट सांगितली असती.

बाई वहीत लिहीत होत्या. मामा मात्र चांदणीकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "बाई, परवा लेकीला आणायला गेलो. रोजची शाळा, पण फाटकच सापडेना. पोरगी तासभर एकटी उभी होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "प्यायला होतात?"

मामांनी मान डोलावली.

"दवाखान्यात जाऊ या. मी येते सोबत."

ते गेले. उपचारांचे पहिले आठवडे जड गेले. वाटी भरताना मामांचे हात थरथरत, निम्मे दाणे माझ्या बोळांत सांडत. एकदा ते पुन्हा प्यायले. चार दिवस ते फिरकलेच नाहीत. पाचव्या दिवशी लेकच त्यांचा हात धरून घेऊन आली. त्यानंतर मामा दारूला शिवले नाहीत.

दारू बंद झाल्यावर चांदणीही पुन्हा धावू लागली, पण त्या वळणावर क्षणभर थबकायचीच. पुढे म्हातारी होऊन ती मामांच्या हातातच गेली.

नंतर कॅमेरे लावलेला नवा भूलभुलैया आला आणि मी इथे आलो. त्याचा राग नाही. एवढंच मागणं आहे, की ज्या मुक्या जिवांकडून तुम्ही शिकता, त्यांना मऊ हातांनी उचला. चांदणीने दारू मागितली नव्हती. ती तिला दिली गेली. तिच्या थांबण्यामुळे एक बाप लेकीपर्यंत पोचला, हे तिला कधीच कळलं नाही. तुम्हाला कळलंय. तुम्ही तरी विसरू नका.