मेथीचा घोळाणा

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी, कुकरची तिसरी शिट्टी होता होता, द्रौपदी इंगळे ओट्याशी खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. उजवा हात पडला, तोंड वाकडं झालं. हॉस्पिटलातून पंधरा दिवसांनी घाटकोपरच्या घरी आल्या तेव्हा पायात थोडी ताकद होती, तोंडही बऱ्यापैकी सरळ झालं होतं, पण बोलणं गेलं होतं. अख्ख्या भाषेतून त्यांच्याकडे एकच आवाज उरला होता. ‘ता’. पाणी हवं तरी ता, पंखा बंद कर म्हणायचं तरी ता-ता. आणि समजत मात्र सगळं होतं.

त्यांची मुलगी शीतल मुलुंडच्या एका लॅबमध्ये काउंटरला होती. वय छत्तीस, लग्न केलं नव्हतं, आणि स्वयंपाकघरात तिचा पाय फारसा कधी पडला नव्हता. आईनं पडूच दिला नव्हता. ‘तू शीक, नोकरी कर, चूल मी बघते,’ हे ऐकतच ती मोठी झाली. वडील राजाराम बसमध्ये कंडक्टर होते, आता रिटायर. आई आजारी पडल्यावर वरणभात ते लावायचे, पोळीभाजी कोपऱ्यावरच्या केंद्रातून यायची. पोट भरत होतं. पण मूळच्या मेहकरकडच्या या कुटुंबाच्या ताटात नेहमी काहीतरी चुरचुरीत असायचं, कच्चं, कुटलेलं, वरून तेल सोडलेलं. ते बंद झालं होतं, आणि कशानं जेवण असं मुकं लागतंय हे दोघांपैकी कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आठवड्यातून दोनदा शुभा मॅडम यायच्या, बोलायला शिकवणाऱ्या. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. छत्री, कोंबडी, कप. ‘आई, हे काय?’ आई कार्डाकडे बघायची, ओठ जुळवायची, गळ्याच्या शिरा ताणायच्या आणि बाहेर पडायचा तोच ‘ता’. डिसेंबर उजाडला तेव्हा ती कार्डं दिसताच भिंतीकडे तोंड फिरवायला लागली.

‘शीतल, कार्डं राहू देत,’ शुभा मॅडम जाताना जिन्यात म्हणाल्या. ‘त्यांच्या हातातल्या वस्तू द्या. रोज ज्यांच्याशी त्यांचं काम पडायचं त्या. काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण छत्रीत त्यांना काही रस नाही, हे दिसतंय मला.’

रविवारी शीतल स्टेशनजवळच्या बाजारातून मेथीची जुडी घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवली. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. आईनं डाव्या हातानं जुडी नाकाशी नेली. मग आपला पडलेला उजवा हात उचलून जुडीच्या देठांवर ठेवला, जणू वजन ठेवावं तसा, आणि डाव्या हातानं एक-एक पान खुडायला लागली. कोवळं इकडे, जून तिकडे. बोटं चुकत नव्हती. शीतल बघतच राहिली. चार महिने जो हात घरातल्यांना निकामी वाटत होता, तो आईनं कामाला लावला होता.

‘आई, घोळाणा करायचा का?’

आईनं मान डोलावली. जोरात.

घोळाणा म्हणजे कच्च्या मेथीचं तोंडीलावणं. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, लिंबू, कच्चं तेल. चूल पेटवायचीसुद्धा गरज नाही. पाच मिनिटांचं काम, असं शीतलला वाटलं. तिनं पानं धुतली, चिरली, सगळं एकत्र कालवलं आणि वाटी आईपुढं धरली. आईनं नुसतं पाहिलं आणि वाटी परत सरकवली. वाटीच्या तळाशी हिरवट पाणी सुटलं होतं. शीतलला कळेना. तेव्हा आईनं धुतलेलं एक पान उचललं आणि तिच्या गालाला लावलं. थंडगार, ओलं.

‘अच्छा. कोरडी करायची होती.’

उरलेली पानं तिनं पंच्यावर पसरली. ती सुकेपर्यंत मायलेकी समोरासमोर बसून राहिल्या. दुसऱ्या खेपेला पाणी सुटलं नाही, पण आईनं चमचाभर तोंडात घेतलं आणि चिमटीत थोडं कूट घेऊन चोळून दाखवलं. मिक्सरमधून निघालेलं कूट बोटाला पिठासारखं चिकटलं होतं. आईनं मूठ वळली आणि ती जमिनीवर दोनदा आपटली.

‘कुटायचे? खलबत्त्यात?’

खलबत्ता माळ्यावर होता. राजाराम स्टूल लावून चढले, धूळ झाडून तो खाली दिला आणि तिथंच दाराशी उभे राहिले. शीतलनं दाणे कुटले, जाडेभरडे. आईनं बोट उचललं की थांबायचं. कांदा किती बारीक, ते तिनं नखावर दाखवलं. लिंबू कधी पिळायचं, तेल कधी, ते भुवईनं सांगितलं. शीतलच्या मनात आलं, छत्तीस वर्षं आपण या बाईच्या हातचं खाल्लं, आणि त्यात एवढं सगळं होतं हे आपल्याला माहीतच नव्हतं. एका वाटीभर पाल्याला इतके कायदे! आणि ते सगळे या न बोलणाऱ्या डोक्यात जागच्या जागी, एकही न हरवता.

तिसरी वाटी. आईनं घास घेतला. डोळे मिटले. चावत राहिली, बराच वेळ. मग कपाळाला आठी पडली.

‘मीठ,’ ती म्हणाली.

खाली कुणाच्या तरी घरात टीव्ही चालू होता, तेवढाच आवाज.

‘काय म्हणालीस?’ शीतलनं विचारलं.

आईनं वाटीकडे बोट केलं. ‘मीठ,’ ती चिडून म्हणाली. ओठ नीट मिटले होते, शेवटचा ‘ठ’ ठसठशीत. पानं कोरडी ठेवण्याच्या, दाणे जाडे कुटण्याच्या नादात शीतल मीठच घालायला विसरली होती.

राजाराम दारातच खाली बसले. ‘चार महिन्यांनी बोलली,’ ते म्हणाले, ‘आणि चूकच काढली बघ.’ मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला.

शीतलनं लगेच शुभा मॅडमना फोन केला. ‘आता थांबू नका,’ त्या म्हणाल्या. ‘रोज काहीतरी करा. आणि नीट करू नका, थोडं चुकवा!’

मुद्दाम चुकवायची गरज पडली नाही. शीतल मनापासूनच चुकत होती. लॅबमधून आली की ती ओट्याशी उभी राहायची. तिळाची चटणी केली. ‘जळ... जळलं,’ आई म्हणाली. मुळ्याची कोशिंबीर केली, तेव्हा ‘दही’ आलं, आणि पाठोपाठ ‘आंबट’. भुरका करायला घेतला, लसूण आणि तिखटावर गरम तेल ओतलं, अख्खं घर ठसकलं. आई ठसकत ठसकत हसायला लागली आणि त्या हसण्यातून ‘खिडकी’ बाहेर पडलं. खिडकी! तो तर खायचा शब्दही नव्हता. शब्द असे कुठूनही यायचे. काही दोन दिवस टिकायचे, काही परत हरवायचे. कपाला अजून ‘ता’च म्हणायची. पण शीतल रोज रात्री झोपताना नवे आलेले शब्द एकदा मनात म्हणून बघायची आणि तिच्या अंगावर काटा यायचा. इतकी वर्षं आपण बडबडत आलो, एका शब्दाला केवढं लागतं ते कधी कळलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका रविवारी जवसाची पाळी आली. शीतलनं जवस भाजले. तडतडायला लागल्यावर आईनं हात वर केला, तशी तिनं गॅस बंद केला. आता ती शिकली होती, मिक्सरकडे गेलीच नाही. जवस, लसूण, लाल मिरच्या, मीठ, सगळं खलबत्त्यात घातलं आणि कुटायला लागली. घराची फरशी दणदणत होती. भाजलेल्या जवसाचा तेलकट, मातकट वास सगळीकडे पसरला.

आईनं डोळे मिटले. तिचं अंग हळूहळू पुढे-मागे व्हायला लागलं. शीतलच्या ठोक्याला लागून. डावी मूठ वळली, काहीतरी उभं धरल्यासारखी, आणि हवेत गोल फिरायला लागली.

‘जातं,’ राजाराम कुजबुजले. ‘जातं ओढतीये ती.’

शीतलनं हात थांबवला, तसं आईनं झटकन डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. चालू ठेव. ती परत कुटायला लागली. आणि आईच्या गळ्यातून आधी नुसती गुणगुण आली, फाटकी, खालच्या पट्टीतली. मग त्या गुणगुणीत शब्द उतरले. एकामागोमाग, न अडखळता:

दळण दळिते गं, जात्याची घरघर
शेवंती बहिणी गं, हात खुंट्यावर धर

दोन्ही ओळी पूर्ण. जिला पाणी मागता येत नव्हतं, तिनं अख्खी ओवी म्हटली. परत म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण सूर मोडला नाही.

दार उघडंच होतं. खालच्या मजल्यावरचे नंदू परब दणदणाट कसला म्हणून तणतणत वर आले होते. ‘अहो, रविवारचं जरा...’ एवढं म्हणून ते उंबऱ्यातच थांबले. इंगळे वहिनी गातायत, हे त्यांना दिसलं. त्यांनी हळूच चपला काढल्या आणि हात जोडून तिथंच उभे राहिले.

ओवी थांबली तेव्हा शीतलनं विचारलं, ‘पप्पा, शेवंती कोण?’

‘तिची धाकटी बहीण,’ राजाराम म्हणाले. ‘दोघी एकाच जात्यावर बसायच्या म्हणे. अकरा वर्षांची होती, तापानं गेली. त्याच वर्षी आमचं लग्न झालं. सत्तेचाळीस वर्षांत तुझ्या आईच्या तोंडून ते नाव मी एकदा ऐकलंय. तू झालीस तेव्हा. नंतर नाही.’

शीतल आईकडे बघत राहिली. मावशी होती आपल्याला, हे तिला आज, खलबत्त्यापाशी बसून कळत होतं. आईनं हे दार स्वतःहून कधी उघडलं नव्हतं. आजारानं तिचे सगळे शब्द नेले आणि परत देताना जे तिनं सत्तेचाळीस वर्षं दाबून ठेवलं होतं तेही वर आणून ठेवलं.

शुभा मॅडमनी नंतर समजावून सांगितलं. गाणं मेंदूत वेगळ्या जागी असतं, म्हणाल्या, काहींना बोलता येत नाही पण गाता येतं, ठेक्यावर शब्द येतात. शीतलनं सगळं ऐकून घेतलं. लॅबमध्ये काम करणारी मुलगी, कारण कळलं की तिला बरं वाटायचं. या वेळी कारण कळलं आणि तरीही जे घडलं ते जितकं मोठं वाटलं होतं तितकंच राहिलं.

तेव्हापासून ओवीच्या चालीवर त्यांनी रोजची वाक्यं बसवायला घेतली. ‘पाणी दे गं’, ‘पंखा लाव’. नंदू परबांनी आपणहून सांगून टाकलं, कुटा कधीही, आमची काही हरकत नाही. सगळं बोलणं काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येणारही नाही. उन्हाळ्यापर्यंत शे-सव्वाशे शब्द झाले असतील. पण शेवंतीबद्दल आई आता तुकड्या-तुकड्यानं सांगते. एकदा ‘वेणी’. एकदा ‘विहीर’. एकदा नुसतं ‘हसायची’. शीतल ते तुकडे जपून जोडते. तिच्या डोळ्यांपुढे आता एक मुलगी दिसायला लागली आहे, सावळी, लांब वेणीची, मोठ्यानं हसणारी.

परवाच्या रविवारी तिनं कारळ्याची चटणी केली. पहिल्यांदाच, कुणी न दाखवता. ताटाच्या कडेला चिमूटभर वाढली, वर कच्चं तेल सोडलं आणि आईसमोर बसली. राजाराम वर्तमानपत्र बाजूला ठेवून आले.

‘कशी झालीये?’

आईनं भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला, तोंडात घातला, आणि डावा हात वर केला. थांबा. ती चावत होती, शब्द शोधत होती. दोघं तिच्या ओठांकडे बघत बसून राहिले.