तळ्यातली हजेरी

सावळीरामच्या हातांना रिकामं बसणं ठाऊकच नव्हतं. अंबडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथ चालवून घरी बसला, आणि महिनाभरात दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, नळांचे वायसर बदलून झाले. मग त्याने मागच्या अंगणात खड्डा खणला, जाड प्लास्टिक अंथरलं आणि बायकोसाठी कमळाचं तळं केलं.

बायको विमलाबाई, अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. तिने देवळाली कॅम्पच्या बाजारातून नऊ मासे आणले आणि त्यांना आपल्या जुन्या पोरांची नावं दिली. रोज सकाळी ती दगडावर स्टीलची वाटी वाजवायची, हजेरी घ्यायची, आणि नऊच्या नऊ जण तिच्या बोटाशी यायचे. लेक पायल सासरी गेल्यापासून हाक मारल्यावर धावत येणारं या घरात तेवढंच उरलं होतं.

पण पाणी हिरवं झालं. सावळीरामने ब्रशने घासलं, जाळीने शेवाळ ओढलं, पाणी उपसून नवं भरलं. चार दिवसांत पुन्हा हिरवं. नर्सरीवाला म्हणाला, "काका, कमळाची पानं पसरू द्या, खाणं कमी टाका. दोन महिन्यांत पाणी आपोआप निवळेल. तुम्ही सारखं नवं पाणी भरता, म्हणून शेवाळाचं फावतं." जो माणूस चहा निवायला थांबत नाही, त्याला हे महाशय दोन महिने सांगत होते!

पायलचं डोहाळजेवण होतं म्हणून विमलाबाई आठ दिवस मनमाडला गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "अहो, पाण्याला हात लावू नका. वाटी वाजवा, चिमूटभर टाका, नावं घ्या. बास."

दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी जेवायच्या आधीच तो सात वेळा तळ्याशी जाऊन आला. आठव्या वेळी त्याला जिन्याखालची पिशवी आठवली. भावाच्या द्राक्षबागेतला उरलेला मोरचूद. लहानपणापासून त्याने फवारणीचं औषध कालवलं होतं, वेलीवरची बुरशी त्याच निळ्या खड्यांनी जाताना पाहिली होती. मग शेवाळाची काय बिशाद! बागेच्या अंदाजाने त्याने मूठभर खडे बादलीत विरघळवले आणि तळ्यात ओतले. मासे असलेल्या पाण्यात किती टाकायचं, हे त्याने कोणाला विचारलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी पाणी असं निवळलं की तळाच्या प्लास्टिकच्या घड्या दिसत होत्या. क्षणभर तो हरखला. मग त्याने वाटी वाजवली, आणि त्याला काठाच्या गवताशी पांढरी पोटं दिसली. नऊ.

सावळीराम तिथेच बसून रडला. जास्वंदीखाली त्याने मासे पुरले, तळं तीनदा धुतलं, पाणी भरलं. मग कॅम्पात चार दुकानं पालथी घालून तसेच नऊ आणले, शेपटीवर काळा ठिपका असलेलासुद्धा.

"सगळे हजर?" विमलाबाई रोज फोनवर विचारायची.

"हजर," तो म्हणायचा, आणि फोन ठेवल्यावर त्याला घास जायचा नाही.

ती आली ती थेट मागच्या अंगणात. वाटी वाजवली. "सोनाली. बंटी. छोटी रेखा." मासे पानाखाली पळाले. तिने पुन्हा वाजवली. सावळीराम उगाच पाइप गुंडाळत राहिला.

"सगळे नवीन दाखल झालेले दिसतात," ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं.

"मग रोज मला हजर म्हणून काय सांगत होता?"

"भ्यायलो गं. तू माझ्याशी बोलायचीच नाहीस, असं वाटलं."

मग तिने वाटी त्याच्या हातात दिली. "पहिल्या दिवशी पोरं माझ्याकडेही यायची नाहीत. कोपऱ्यात रडायची. मी नुसती बसून राहायचे. आता हजेरी तुम्ही घ्यायची, हे मासे जवळ येईपर्यंत. आणि जुनी नावं ठेवायची नाहीत. ती माझी होती."

एवढं बोलून ती आत गेली. रात्री ताट वाढलं, पण शब्द नाही.

आठवडा झाला. पाण्यावर पुन्हा हिरवट झाक आली होती. ब्रश भिंतीला टेकलेला होता, हाताच्या अंतरावर. सावळीरामने उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने वाटी वाजवली. कोणी आलं नाही. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, तिकडूनही हाक आली नाही. चहा गार झाला. तो बसून राहिला.