दुसऱ्याच्या हातचं काडतूस

डेल्मरने रायफलीचा दांडा पाच वेळा मागेपुढे केला आणि पाच काडतुसं टेबलावर गडगडत आली. पाचांच्याही तोंडावर निळं मेण. डेल्मर गेली तीस वर्षं काडतुसांची तोंडं साध्या पांढऱ्या मेणाने बंद करत आला होता. निळं लावायचा तो वेल्डन, कुंपणापलीकडचा.

रायफल ऑर्लीनची, त्याच्या बायकोची. खुराड्यापाशी, शेळ्यांच्या गोठ्यात, उन्हाळ्यात कुठेही खुळखुळ्या साप निघायचा. एका गोळीने त्याचं डोकं टिपणं कठीण, म्हणून पुंगळीत गोळीऐवजी बारीक छर्रे घरीच भरायचे. आणि टेक्सासच्या त्या माळावर एक गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती: दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. भावाचंसुद्धा नाही. दारू भरताना त्याचं मन कुठे होतं, कोण सांगणार? बायको फार तर नवऱ्याच्या हातचं घालते. ऑर्लीन वेल्डनच्या हातचं घालत होती.

वेल्डनची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. माणूस पासष्टीचा, पण डोक्यावरचा एक केस गळलेला नव्हता, आणि याचाच डेल्मरला अधिक राग. बुधवारी यायचा, ऑर्लीनच्या हातचा, पीचचं गोड सारण भरून भाजलेला 'पाय' दोनदा वाढून घ्यायचा आणि खाताना डोळे मिटायचा. इतके दिवस डेल्मर त्याला भूक समजत होता.

न्याहारीला त्याने हळूच विषय काढला.

"वेल्डन येऊन गेला वाटतं?"

"काल. कुंपणाची तार बघायला."

"तार फार बघतो हल्ली."

"तू बघत नाहीस म्हणून," ऑर्लीन म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतून उठली. चेहऱ्यावर काही नाही. डेल्मरला ती कॉफी कडू लागली.

तो तडक शेडमध्ये गेला. वेल्डनची पाचही काडतुसं त्याने भंगाराच्या पिंपात फेकली आणि स्वतःची भरायला बसला. दारू, पुठ्ठ्याची चकती, छर्रे, पुन्हा चकती, वर मेण. अंगणात ऑर्लीन फोनवर कुणाशीतरी बोलता बोलता हसली. कुणाशी? तो कान देऊन ऐकत राहिला, मग पुन्हा कामाला लागला. पाच झाली. रायफलीत भरून त्याने ती ओसरीवरच्या खुंटीला परत लावली, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं.

दुपारी कोंबड्यांनी एकच कल्लोळ केला. डेल्मर शेडच्या दारात आला तोवर ऑर्लीन रायफल घेऊन खुराड्यात वाकली होती. अंड्यांच्या खोक्याखाली साप वेटोळं करून शेपूट वाजवत होता. तिने नेम धरला, चाप ओढला.

टप्. एवढाच आवाज. नळीच्या तोंडातून छर्रे मोहरीसारखे घरंगळून तिच्या बुटांवर पडले.

सापाने झेप घेतली. ऑर्लीन मागे सरली, हाताला लागलेलं फावडं तिने उचललं आणि तीन घावांत काम संपवलं. डेल्मर दारातच उभा होता.

ती रायफल घेऊन ओसरीच्या पायरीशी आली. उरलेली चार काडतुसं तिने काढली, त्यांची तोंडं पाहिली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"दमट झालं असेल काडतूस," ती म्हणाली.

चार महिने पावसाचा थेंब नव्हता. डेल्मरने तिच्या हातून एक काडतूस घेतलं आणि पकडीने उघडलं. छर्रे निघाले, चकती निघाली, खाली काहीच नव्हतं. दुसऱ्यात दारू होती. तिसऱ्यात नव्हती. चौथं त्याने उघडलं नाही.

"कधीपासून?"

"मार्चपासून. तू भरलेली मी काढून ठेवत होते."

"आणि वेल्डनला ठाऊक आहे."

"त्याच्याच लक्षात आलं आधी. एका बुधवारी तू त्याला एकच गोष्ट तीनदा सांगितलीस. त्याने तीनही वेळा ऐकून घेतली."

डेल्मरचा सकाळचा जळफळाट याच्यापुढे काहीच नव्हता. वेल्डनने बायको नेली असती तर त्याच्या कानाखाली वाजवता आली असती. पण हा माणूस समोर बसून पीचचा 'पाय' खात होता, आणि डेल्मरचं डेल्मरलाच ठाऊक नसलेलं त्याला ठाऊक होतं. तिलाही. दोघांनी मिळून ते सांभाळलं होतं.

"ऑर्लीन," तो म्हणाला, "त्याला जेवढं माहीत आहे तेवढं तरी मला सांग."

ऑर्लीनने एप्रनला हात पुसले, पायरीवर बसली आणि शेजारची जागा झटकली.

"बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."