कोबाल्टचं भूत

जावईबापूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि चोर सापडल्यासारखे ते हरखले.

"बाई, आपण निळा रंग मागवला होता ना? ही तर गुलाबी पूड आहे!"

चिनी मातीच्या बशांच्या त्या कारखान्यात बाई बावीस वर्षं झिलईचं रसायन सांभाळत होत्या. मालकांच्या लेकीशी लग्न करून जावईबापू व्यवस्थापक झाले, त्याला बावीस दिवस झाले होते.

"कोबाल्ट कार्बोनेट आहे," बाई म्हणाल्या. "कच्चं असताना असंच दिसतं. भट्टीत कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलेला ऑक्साइड झिलईत विरघळतो, तेव्हा कुठे निळं होतं."

"म्हणजे मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही?"

'तुमच्या? नकोच,' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी जावईबापू निळीचं पोतं घेऊन आले. कपड्यांना देतात तसली; स्वस्त आणि निळीशार. तीनशे बशांच्या काठांवर त्या निळीनेच वेल काढायची होती. बशांवर नक्षी काढणाऱ्या चितारीकाकांनी चिमूटभर नीळ बोटांवर चोळून पाहिली.

"बाई, हिने बशा रंगवू की मालकांचे सदरे धुऊ?"

कारखान्याचा जुना नियम होता. नवी पूड आली की आधी तिने रंगवलेली मातीची एक चकती नमुन्यादाखल भाजायची, मागे तारीख कोरून ती खिळ्याला टांगायची, आणि मगच बाईंनी वहीत सही करायची. चकतीला दोन दिवस लागत. जावईबापूंना दोन तास दम निघत नव्हता.

"सही करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

घरी बाईंचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी सही केली. सहीच्या वर बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'चकती न भाजता. व्यवस्थापकांच्या आज्ञेवरून.' जावईबापूंनी ते वाचलं नाही. वाचणं हे त्यांच्या मते हाताखालच्यांचं काम होतं.

बशा रंगल्या, भट्टी पेटली आणि निवल्यावर उघडली. तीनशेच्या तीनशे बशा पांढऱ्या; नीळ भट्टीच्या आचेत उडून गेली होती. काठांवर मळकट डाग, जणू कुणी चहा पिऊन बशा विसळल्याच नव्हत्या. मालक येऊन एकेक बशी उलटसुलट करून पाहू लागले.

"या भट्टीतच काहीतरी आहे," जावईबापू म्हणाले. "बाधाच म्हणा ना! नाहीतर बाईंनी रंगात काहीतरी कालवलं असणार."

बाईंनी वही पुढे केली. मालकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि बाईंना बाजूला घेऊन आवाज उतरवला. "जावई आहे हो, बाई. पोरीचा संसार आहे. हे पान... फाडता नाही येणार?"

"पानांवर आकडे आहेत, एक गेलं तरी कळेल," बाई म्हणाल्या. "पण 'दोषाचे कारण' हा रकाना रिकामा आहे. व्यवस्थापकांनी सांगावं, मी लिहिते." मग त्या जावईबापूंकडे वळल्या. "बाधा म्हणालात ना? त्यात नवीन काही नाही. पूर्वी जर्मन खाणींत एक दगड निघायचा. वाटायचं, चांदी आहे. वितळवला की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. दगड ओळखता येईना, मग ढकललं भुतावर. कोबोल्ड म्हणजे खाणीतलं खोडकर भूत. त्यावरूनच कोबाल्ट हे नाव."

जावईबापूंचा चेहरा उजळला. "बघा! विज्ञानसुद्धा मानतं!"

चितारीकाकांना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

बाईंनी रकान्यात लिहिलं: 'भूत.' आणि पेन पुढे केलं. जावईबापूंनी सही ठोकली. ठसठशीत, खाली दोन रेघा.

मालकांनी ती सही पाहिली. मग जावयाकडे पाहिलं आणि वही मिटून बाईंच्या हातात दिली.

"यापुढे तुमच्या चकतीशिवाय भट्टी पेटणार नाही, बाई. कुणी काही म्हणो."

बाईंनी गुलाबी पुडीचा डबा खाली काढला.

"काका, कुंचले धुऊन घ्या. आणि धुताना जपून हं, सदऱ्यावर नीळ उडेल."