जाळीखालचं काँक्रीट

पाणी उताराकडे वाहतं, हा निसर्गाचा नियम आहे आणि तो आजवर कुठल्याही देशात, कुठल्याही राजवटीत बदललेला नाही. आमच्या बिल्डरने तो चार महिन्यांत बदलला आणि वर हमीपत्रही दिलं.

परदेशात घर बांधून घेताना माझी एकच अट होती. खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये टब नको. तिथे मोकळी फरशी हवी आणि कोपऱ्यात पाणी जायला जाळी. हे आईसाठी. तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, टबाची कड तिला ओलांडता येत नाही. मागच्या खेपेला आमच्या भाड्याच्या घरात तिने तीन आठवडे ओल्या टॉवेलने अंग पुसून काढले आणि सहा महिन्यांचा मुक्काम मोडून परत गेली. जाताना म्हणाली, "घर झालं की येईन. पण स्टुलावर बसून बादलीतून मनासारखी आंघोळ करता आली पाहिजे. लेकाच्या घरी पारोसं बसायला मी काय पाप केलंय?"

इथल्या बाथरूमच्या फरशीला जाळी नसते. पाणी टबात पडतं आणि टबातूनच जातं. म्हणून मी स्वतः कागदावर चित्र काढून दिलं: एक चौकोन, कोपऱ्यात गोल, गोलात फुली. बिल्डरच्या माणसाने ते जपून फायलीत लावलं. हा माणूस कशालाही हसायचा. बायकोने त्याचं नाव हसरा ठेवलं होतं.

घराचा ताबा देताना हसऱ्याने यादी पुढे केली. 'फरशीतील जाळी: आहे.' मी वाकून पाहिलं. जाळी होती, चकचकीत होती. मी सही केली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी आहे, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण बायकोने ते पुढे बऱ्याचदा नोंदवलं.

आई यायला बारा दिवस उरले तेव्हा मी नवी बादली आणली, स्वयंपाकघरातून भरून नेली आणि कोपऱ्यात ओतली. पाणी जाळीवर क्षणभर घुटमळलं आणि मग मुकाट्याने दाराबाहेर पडून शेजारच्या खोलीत, आईच्या पलंगाखालच्या गालिच्यात शिरलं.

मी स्क्रू काढून जाळी उचलली. खाली काँक्रीट होतं. छान घोटून गुळगुळीत केलेलं.

"म्हणजे नुसती वरून लावलीय? टिकलीसारखी?" बायको म्हणाली.

"दिसतंय ना."

"ऑफिसात लोकांच्या चुका काढतोस. इथे तांब्याभर पाणी ओतून बघायला काय झालं होतं?"

"जाळीखाली पाइप आहे का, असं कोण विचारतं?"

"मी विचारलं असतं."

तिने खरंच विचारलं असतं, म्हणून माझा राग आणखी चढला.

हसरा तिसऱ्या दिवशी उगवला. त्याने फाइल उघडली आणि माझंच चित्र माझ्या नाकासमोर धरलं. "तुम्ही गोल काढलाय, आम्ही गोल दिलाय. पाइप कुठे काढलाय तुम्ही?"

"उद्या मी दार मागितलं तर भिंतीवर दार रंगवून द्याल?"

"दारांचं पान वेगळं असतं," तो हसत म्हणाला. "आणि सही तुमचीच आहे."

त्या हसण्यावर बादली उपडी करायची अनिवार इच्छा झाली. त्याऐवजी मी ईमेलने पत्र लिहिलं. उत्तर आलं की माझं मत त्यांना मोलाचं वाटतं. मी दुसरं पत्र लिहिलं, त्यात सभ्यपणाची शेवटची रेघ ओलांडली. तेव्हाही माझं मत त्यांना तितकंच मोलाचं वाटलं.

आठवडा उरला. मी भरलेली बादली गाडीत बायकोच्या पायांशी ठेवली आणि तडक बिल्डरचं ऑफिस गाठलं. बादली हसऱ्याच्या टेबलावर ठेवली, त्याची जाळीही शेजारी ठेवली.

"ही जाळी इथे कुठेही मांडा," मी म्हणालो. "मी वरून पाणी ओततो. तुमचा गालिचा कोरडा राहिला तर मी माफी मागून जातो."

सोफ्यावर एक नवं जोडपं टाइल्सचे नमुने चाळत बसलं होतं. त्यातल्या बाईने विचारलं, "कसली जाळी?" बायको त्यांच्या शेजारी बसली आणि तिने अगदी पहिल्यापासून सांगायला घेतलं. सासूबाईंच्या गुडघ्यांपासून. हसऱ्याचं हसू पहिल्यांदाच मावळताना मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर दारात हजर. त्याने कोपरा ठोकून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"फरशीवर पाणी सांडणं हा आमच्यात अपघात असतो. तुम्ही ते मुद्दाम करता?"

"रोज," मी म्हणालो. "सकाळी."

त्याने फरशी फोडली. जाळीच्या जागेपासून वीतभर अंतरावर, रद्द केलेल्या टबाचा सांडपाण्याचा पाइप तोंडाला बूच मारून गाडलेला होता. वीतभर. तेवढ्यासाठी मी झोप घालवली होती, रक्तदाब वाढवला होता आणि पत्रात तीन शब्द असे लिहिले होते की जे मी आईसमोर कधी उच्चारलेले नाहीत. प्लंबरने पाइप जोडला, जाळीकडे नीट उतार काढून फरशी नव्याने बसवली. आई पोचायच्या आदल्या दिवशी काम संपलं.

मी स्वयंपाकघरातून एकामागून एक तीन बादल्या आणून ओतल्या. पाणी गुडगुडत जाळीत गेलं. "अजून एक आण," बायको म्हणाली, "आवाज ऐकायला बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी आई आली. प्रवासाने आंबली होती, तरी चहाआधी आंघोळ म्हणाली. आम्ही तिला जाळी दाखवली, उतार दाखवला. मी सगळी लढाई सांगितली, शब्द गाळून. तिने टॉवेल घेतला, स्टुलावर बसली, बादली पुढे ओढली आणि दार लोटलं. आम्ही दोघं बाहेर कान देऊन उभे राहिलो.

आतून नुसता रिकामी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"अरे," आतून आई म्हणाली, "नळ कुठाय?"

टबाबरोबर त्याचा नळही रद्द झाला होता. माझ्या चित्रात नळ नव्हता.

आई ठरल्याप्रमाणे सहा महिने राहिली. रोज सकाळी मी तिला स्वयंपाकघरातून दोन बादल्या पाणी नेऊन देत असे.